तुझ्या गाडीचं मेण

मित्रा,

तू गेल्यानंतरच्या जलदान विधीला आलेल्या लोकांनी तुझ्याबद्दल जे सांगितलं, त्यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावचे सरपंच उभे राहिले. म्हणाले, "म्याडम टँकरच्या मागं सोता यायच्या. विहिरीत टँकर रिकामा होईस्तोवर हलायच्या न्हाईत. मग आमच्या वसरीत बसून कोरा चहा घ्यायच्या, गुळाचा." मी मान हलवत राहिले. माझ्या माहितीप्रमाणे तू चहा सोडला होतास. नांदेडहून येताना मी तुझ्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं आणायचे आणि तू ती चहाशिवाय खायचीस. सरपंचांच्या वसरीत मात्र गुळाचा चहा.

मग तुझ्या ऑफिसातली एक मुलगी उठली. म्हणाली, मित्रा म्याडमनी मला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं. सख्खी बहीण पहिल्या रांगेत बसली होती.

भंतेजींनी वडील म्हणून अण्णांना पाणी ओतायला सांगितलं. तांब्यातून वाटीत, वाटी भरून ताटलीत. मी अण्णांचा हात खालून धरला. नद्या भरून वाहतात आणि समुद्र भरतो, अशा अर्थाची ती गाथा. लातुरात पाणी रेल्वेने येतं आहे, मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात आणि मांडवातले सगळे हात जोडून नद्या भरून वाहिल्याचं ऐकत होते. कुणी हसलं नाही. तू खाली मान घालून हसली असतीस आणि मी तुला कोपर मारलं असतं.

तुझ्या आजाराबद्दल मी लिहीत नाही. तुझ्या पाणीपुरवठ्यातल्या नोकरीबद्दल पेपरात आलं आहे, ते मीच तपासून सोडलं. मला तुझ्याशी गाडीच्या मेणाबद्दल बोलायचं आहे. तो वाद आपण अर्धा टाकला होता.

गाडी त्या दिवशी मांडवाबाहेरच उभी होती. तू दवाखान्यात गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गडद निळा रंग धुळीखाली राखाडी झाला होता. भेटायला येणारे लोक चपला काढताना बॉनेटवर हात टेकवत, त्यामुळे तिथे पंजे उमटले होते. आणि अण्णा खुर्चीत बसून येईल त्याला एकच सांगत होते: "गाडी लई जपली पोरीनं. पण मेण काही टिकलं न्हाई. आमच्या थोरलीनं आणलेलं, नांदेडहून."

तुझे साहेब आले, त्यांनाही सांगितलं. उमरीहून आत्या आली, तिलाही सांगितलं. मेण म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचं पॉलिश हे आत्याला कळलं नाही, तिने मेणबत्ती समजून मान डोलावली. मी वर्तमानपत्रात डेस्कवर बसते. दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. माझ्या नावावर एक चुकीची बातमी मांडवभर फिरत होती आणि मला ती दुरुस्त करता येत नव्हती.

आता ती का चुकीची आहे हे मला कळलं आहे. ते तुला माहीत होतंच. म्हणून हे पत्र भांडणाचं आहे असं समज.

भांडण जुनं आहे. लातूर जिल्हा झाला त्या साली तू जन्मलीस. अण्णा तेव्हा एसटीत ड्रायव्हर होते, औशाच्या गाड्या चालवायचे. नवा जिल्हा, बसवरच्या पाट्या नव्याने रंगवल्या जात होत्या आणि त्यांना मुलगी झाली. अण्णा डेपोत पेढे घेऊन गेले. कुणीतरी विचारलं, "काय गायकवाड, पेढे जिल्ह्याचे का पोरीचे?" अण्णा म्हणाले, "दोन्हीचे. ही जिल्ह्यासंगं आलीया." हे वाक्य आपल्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की मला ते पाठ आहे. मी तुझ्या आधीची. मी जन्मले तेव्हा आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो आणि माझ्या वेळी काय वाटलं होतं हे आई होती तेव्हा तिला विचारलं तर ती म्हणाली होती, "गूळ असंल. आठवत न्हाई बाई." तू नव्या जिल्ह्यातली, मी जुन्या. दप्तर बदललं, पाट्या बदलल्या, आणि घरातली लाडकीही बदलली.

नंतर औशाच्या किल्ल्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात अण्णांनी तुला जीप शिकवली. कुणाची तरी उधार आणलेली जीप होती. तुझे पाय क्लचला पुरत नव्हते म्हणून पाठीमागे उशी लावली. मी दगडावर बसून होते. मी म्हणाले, अण्णा, मला? अण्णा म्हणाले, "तू लिहितीस-वाचतीस बाई, तुला गाडी कशाला? तुला लोक बसवून नेतील." ते त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. मी आजही एसटीने येते-जाते. लोक मला बसवून नेतात ही गोष्ट खरी ठरली.

त्यामुळे गेल्या दसऱ्याला तू फोन करून "अक्का, गाडी घेतली" म्हणालीस, तेव्हा मी "अरे वा" म्हणाले आणि पुढची बातमी उघडली. नवा जिल्हा व्हावा म्हणून मागणी करणाऱ्यांचं निवेदन होतं. त्या दिवसांत आमच्या पानावर दोनच विषय असायचे, पाणी आणि नवा जिल्हा. त्या निवेदनात एक ओळ दोनदा आली होती, ती माझ्या हातून तशीच छापली गेली. कारण माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

रंग तू निळा घेतलास. सगळे पांढरा घे म्हणत होते, धूळ दिसत नाही. तू म्हणालीस, "पांढरी गाडी सरकारी दिसते गं. गावात शिरली की लोक घागरी घेऊन उभे राहतात. दर वेळी टँकर कुठंय म्हणून विचारतात." गाडी तू आधी विहारात नेलीस. त्रिशरण झालं. बाहेर आल्यावर बघतो तर अण्णांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली.

तू म्हणालीस, "अण्णा! आपण बौद्ध लोक. हे काय?"

अण्णा म्हणाले, "हवा बघून राहिलो. लिंबू नीट चिरडलं तर टायरात हवा बराबर हाय."

तू हसत हसत गाडीत बसलीस आणि हवा बरोबर आहे हे सिद्ध करून दिलंस. मी मागच्या सीटवर होते. पुढची डावी सीट अण्णांची, हे कुणी ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या एका डोळ्याला कमी दिसू लागलं, लायसन्स पुन्हा काढलं गेलं नाही. त्यानंतर ते गाडीत बसले की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. मी मागून तो पाय बघत होते. तूही बघत होतीस, आणि अण्णांनी पाय दाबला की तूही हळूच ब्रेक लावायचीस. मला ते तेव्हाच कळलं होतं. तुझं असलं वागणं मला आवडायचं आणि सहनही व्हायचं नाही.

मेणाचा विषय निघाला तो पाण्यावरून. कॉलनीत आठ-दहा दिवसांनी टँकर. पिंपं रांगेत. लोक परातीत बसून अंघोळ करायचे आणि ते पाणी फरशीला वापरायचे. अशात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या बाईने स्वतःची गाडी धुतलेली दिसणं म्हणजे काय होईल, हे तुला मी सांगायची गरज नव्हती. तूच म्हणालीस, "अक्का, माझी गाडी वली दिसली तर पयला फोटो तुझ्याच पेपरात येईल."

मी म्हणाले, "येईल. मथळा मीच देईन."

"म्हणून सांगते, बिनपाण्याचं काहीतरी शोध. तू वाचतीस समदं."

हे तू मला सांगितलंस. ऑफिसातल्या मुलीला सांगितलं नाहीस, सरपंचांना नाही. मी बातमीसारखं कामाला लागले. नांदेडच्या दुकानांतून फिरले, गाड्या चमकवणाऱ्या दोघांशी बोलले, मग तिसऱ्याशी बोलून पहिल्या दोघांचं ताडून पाहिलं. डॅशबोर्डला तेलकट चकाकणारं काही लावू नकोस, धूळ चिकटते आणि उन्हात काचेवर त्याची झळाळी पडते. टायरचं काळं पालिश हौस असेल तर, नाहीतर नाही. कोरडी धूळ कधीही कोरड्या कपड्याने पुसायची नाही, बारीक वाळूने रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पडतात. आधी मऊ झाडणीने धूळ उडवायची, मग बिनपाण्याचा फवारा, मग मायक्रोफायबरचा कपडा एकाच दिशेने, मळला की घडी बदलायची. आणि शेवटी मेण. सावलीत, पत्रा गार असताना, सकाळी. थोडं घ्यायचं, एक भाग संपला की दुसरा. पांढुरकं धुकं आलं की पुसून काढायचं. मेणाचा थर असला की धूळ चिकटत नाही, झाडली की उडते. पाणी वाचवायचं असेल तर मेण हवंच.

इथवर आपलं एकमत होतं. पुढे नाही. मेण दोन प्रकारचं मिळत होतं. एक डब्यातलं घट्ट, पामच्या पानांपासून काढलेलं. चमक खोल, हाताला वास चांगला, पण आपल्या उन्हात लवकर जाणारं. दुसरं बाटलीतलं, कारखान्यात बनवलेलं. चमक जरा कोरडी, पण महिनोन्महिने टिकणारं. मी बाटली म्हणाले. तू डबा.

"अक्का, टिकाऊ टिकाऊ काय? गाडी हाय का पाण्याची टाकी?"

"लातूरचं ऊन बघ आधी."

"ऊन मी रोज बघून राहिले. तू एसीत बसतीस."

मी बाटली पाठवली. पंधरवडा झाला नाही तोच तुझा फोन. अण्णा शेजारी होते, स्पीकर चालू होता. तू म्हणालीस, "तुझं मेण टिकंना गं. धूळ चिकटून बसतीया." मागून अण्णांचा आवाज, "न्हाई टिकत, न्हाई टिकत." मी विचारलं, पाण्याचा थेंब टाकून बघितला का? मेण असेल तर थेंब मण्यासारखा उभा राहतो, नसेल तर पसरतो. तू म्हणालीस, "थेंब बघायला पाणी सांडू? मी? ह्या नोकरीत?" अण्णा हसले. तुम्ही दोघंही हसलात. लातुरात हसू चाललं होतं आणि मी नांदेडच्या ऑफिसात फोन धरून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते.

मग मी तुझ्या मनाप्रमाणे डबा पाठवला. तोही टिकला नाही. मग एक फवाऱ्याचं मेण, तेही नाही. दर वेळी स्पीकर चालू, दर वेळी मागून अण्णा. होळीच्या सुमारास मी आले तेव्हा स्वतः बॉनेटवर बोट फिरवून पाहिलं. बोटाला तेलकट लागलं. मी तुला अंगणात धरलं. म्हणाले, तू सांगितल्याप्रमाणे लावत नाहीस. एकतर उन्हात लावतेस, नाहीतर पुसतच नाहीस. मेणात दोष नाही. अण्णांसमोर मला खोटं पाडू नकोस.

तू घराच्या दाराकडे पाहिलंस आणि हळू म्हणालीस, "तू बराबर हायस, अक्का. पण उगी राहा."

मी उगी राहिले नाही. बरोबर आहे तर तसं सांग म्हणाले. इतके पैसे आणि इतका वेळ घालून मी निवडलं, आणि तू माझं लोकांत हसं करतेस. बरंच बोलले. तू कपडा पिळल्यासारखा हातात पिरगाळत उभी राहिलीस, कोरडा कपडा. मग म्हणालीस, "जेवायला चल, वरण गार होतंय." तो वाद तिथे राहिला. पुन्हा आपण भेटलो ते दवाखान्यात, आणि तिथे मेणाचा विषय काढण्याइतकी मी वाईट नाही.

आता सांगते काय झालं.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे टँकरच्या आवाजाने मी उठले. पिंप भरून घेतलं. टँकरवाल्याने जाताना अण्णांच्या हातात एक पाण्याची जुनी बाटली दिली, आत पिवळसर काहीतरी. मला वाटलं औषध असेल. मी चहा टाकला आणि बाहेर आले, तर अण्णा गाडीजवळ. त्यांच्या हातात खाकी कापडाचा तुकडा होता, जुन्या युनिफॉर्मच्या बाहीचा. बाटली त्यावर उलटी केली, कापड भिजवलं आणि बॉनेटवर गोल गोल हात फिरवू लागले. धूळ लोण्यासारखी निघून येत होती. खालून निळा रंग ओला चकाकत होता.

वास आधी आला. लहानपणी अण्णा ड्युटीवरून आले की घरात पसरायचा तोच. डिझेल.

मी म्हणाले, "अण्णा, हे काय करून राहिलात?"

"रोजचंच हाय की." हात थांबला नाही. "डिझेलचा बोळा. डेपोत अशाच काढायचो गाड्या. साहेब तपासणीला आला की माझीच गाडी फुडं लावायचे."

"मित्राला माहीत होतं?"

"तिला? ती हितं खिडकीत बसायची, जेवणाचा डबा भरता भरता. म्हणायची, अण्णा, तुमचा हात फिरला की गाडी नवी वाटती." त्यांनी कापडाची घडी बदलली, अगदी मी तुला सांगितली होती तशी. "मंग रईवारी ती मेण लावायची. पर न्हाई टिकायचं बघ. सोमवारी हात फिरवला की पुन्हा तेलकट. तुझं मेणच तसलं."

मित्रा, डिझेल मेण खातं. एका पुसण्यात निम्मं, दोन-तीन पुसण्यांत सगळं. हे मला नांदेडच्या त्या गाड्या चमकवणाऱ्या तिघांनीही सांगितलं होतं, रॉकेल आणि डिझेल गाडीजवळ येऊ देऊ नका म्हणून, आणि मी तुला ते कळवायचं सोडलं, कारण आपल्यापैकी कुणी नव्या गाडीला डिझेल लावेल असं मला सुचलंच नाही. आपल्या घरात एक माणूस जन्मभर लाल गाड्या डिझेलने पुसत होता, हे मी विसरले. तू विसरली नाहीस.

तर तू दर रविवारी गाडीला मेण लावत होतीस आणि सोमवारी अण्णा ते काढून टाकत होते. हे तुला माहीत होतं. खिडकीत बसून तू बघत होतीस. सांगण्याऐवजी तू पुढच्या रविवारी पुन्हा लावत होतीस. आणि कुणीतरी विचारलं की मेण का टिकत नाही, तर उत्तर द्यायला मी होते, नांदेडला, फोनवर.

मला आधी राग आला. मग मी हिशोबाने विचार केला आणि राग जास्त वाढला, कारण तू बरोबर होतीस. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी एका शब्दाने बोळा टाकला असता. "बरं, न्हाई लावत." आणि मग ते गाडीजवळ गेलेच नसते. त्यांना चालवता येत नव्हती, दुरुस्त करायला त्यात काही नव्हतं, सगळं सीलबंद. त्या गाडीत त्यांना करण्यासारखं एकच काम होतं आणि ते ते चुकीचं करत होते. तू ते काम वाचवलंस. त्यासाठी कुणालातरी चुकीचं ठरवणं भाग होतं, आणि तू मला निवडलंस.

विचारलं नाहीस. "उगी राहा" म्हणालीस, बस्स. मी राहीन अशी तुझी खात्री होती का? का, मी राहणार नाही हे माहीत असूनही मला कळणार नाही एवढी खात्री होती? हे मला तुला विचारायचं होतं.

अण्णा पुसत होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. छोटं, अचूक, एका ओळीत मावणारं. अण्णा, मेणात दोष नव्हता. त्यामुळे मांडवभर फिरलेली बातमी दुरुस्त झाली असती. मी ते बोलले नाही. हे शहाणपण समजू नकोस. तू इतके महिने जे पोटात ठेवलंस ते मला एक सकाळही ठेवता आलं नसतं, तर तू पुन्हा जिंकली असतीस. मेलेल्या माणसाकडून हरायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण आहे.

दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "गाडी तू ने. हितं कोण चालवणार? एखादा डायवर लाव, नांदेडला घेऊन जा."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात राहिला. जीपच्या वेळी दगडावर बसले होते तेव्हापासून मी याची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. निळी गाडी, तुझ्या जिल्ह्याच्या नंबरची, माझ्या दारात. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर. मेण टिकेल, कारण तिथे डिझेल लावणारं कुणी नसेल. महिनोन्महिने टिकेल. माझंच खरं ठरेल.

मी विचारलं, "मग सकाळी तुम्ही काय करणार?"

अण्णा म्हणाले, "काय करायचं. बसायचं." आणि वरणाची वाटी पुढे ओढली.

मी म्हणाले, "राहू द्या हितंच. मला नांदेडला पार्किंग न्हाई."

पार्किंग आहे, मित्रा. आमच्या इमारतीखाली मोकळी जागा पडून आहे. शेजाऱ्यांनी तिथे मोडका पाळणा ठेवला आहे.

रजा संपली म्हणून मी मध्ये नांदेडला गेले आणि शनिवारी परत आले. एसटीत अहमदपूरपर्यंत उभी. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत तुझं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात माझ्या सगळ्या वस्तू होत्या, बाटली, डबा, फवारा, कपडे धुऊन घडी करून. ते कपडे तू कोणत्या पाण्यात धुतलेस कोण जाणे. डब्याचं झाकण काढलं. मी तुला स्पंजने घे म्हणून बजावलं होतं. मेणात तीन बोटांचे चर होते, शेजारी शेजारी, कडेपर्यंत गेलेले. तू हातानेच काढत होतीस. वास चांगला होता, तू म्हणायचीस तसा.

मी झाकण लावून टाकलं. ते चर मोडवले नाहीत. आणि दुसरंही कारण होतं, मला माझी बाटलीच लावून पाहायची होती.

आधी बिनपाण्याचा फवारा मारून डिझेलचा तेलकटपणा काढला, दोनदा. मग बाटलीतलं थोडं थोडं, एकेक भाग. दार, बॉनेट, छप्पर पायरीवर चढून. डावीकडच्या दारावर, आरशाखाली, अण्णांच्या हाताचा जुना ठसा होता, खिडकीबाहेर हात टेकवून बसायचे तिथला. तो पुसताना मी जरा थांबले आणि मग पुसला. मागच्या दाराच्या हँडलभोवती नखांचे बारीक ओरखडे होते. ते माझे असणार. तिथे माझ्याशिवाय कुणी बसत नव्हतं. त्या ओरखड्यांत पांढरं मेण साचलं होतं. तिथेही तू दर रविवारी लावत होतीस, कुणी बघत नसताना, कुणी डिझेलने न पुसलेल्या जागी. ते मात्र टिकलं होतं. कोणतं ते कळत नाही, डब्यातलं का बाटलीतलं.

पुसून काढल्यावर गाडी उभी होती ती तू शोरूममधून आणलीस तशी. कडुलिंबाची फांदी बॉनेटमध्ये दिसत होती. अण्णा आतून चहाचा कप आणि पाण्याचा पेला घेऊन आले. चांगल्या डोळ्याने वाकून बघितलं, मग लांब जाऊन बघितलं, ड्रायव्हर लोक बघतात तसं एक फेरी मारून. पेल्यात दोन बोटं बुडवली आणि बॉनेटवर शिंपडली. मी काही बोलण्याआधी. दोन-तीन थेंब मण्यांसारखे उभे राहिले, हलले आणि खाली घरंगळले.

"हा बघ," अण्णा म्हणाले, "ह्याला म्हणतेत मेण. उद्या सकाळी एक हात फिरवतो, मंग आणखीन बघ."

"फिरवा," मी म्हणाले.

अण्णा थेंब गेले त्या जागी बघत राहिले. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे न बघता म्हणाले, "हे मित्राच्या पसंतीचं असंल. न्हाई का? तुझं कधी असं चमकलं न्हाई."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"हाव अण्णा," मी म्हणाले. "तिच्याच पसंतीचं."